डाव्या मुठीतला सांधा

घड्याळजी इतका खुशीत कुठल्या डॉक्टरच्या खोलीत बसला नसेल. मानेतली चकती सरकलीय, ऑपरेशन दोन तऱ्हांनी होईल, असं सांगून डॉक्टरीणबाईंनी टेबलावर दोन नमुने ठेवले आणि गड्याचे डोळे लकाकले. एक पट्टी आणि स्क्रूंचा: तो बसवला की दोन मणके कायमचे जुळणार, तिथे मान हलणार नाही. दुसरा धातूचा छोटा सांधा, चकतीच्या जागी बसून हलणारा. झालं, पट्टी उजव्या हातात, सांधा डाव्या. शेजारी फाईल मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोला वाटलं, आता हा माणूस भिंग मागतो की काय.

"पट्टीचं काम ओबडधोबड आहे," तो म्हणाला. "मला सांधाच बसवा. पण घाई नाही हं, दुखणं कमी झालंय."

"फोटोत मज्जारज्जूवर दाब दिसतोय," बाई म्हणाल्या. "हातातून वस्तू पडतात का?"

"छे! तीस वर्षांत माझा एक स्क्रू हरवलेला नाही. हिला विचारा."

बायकोने फाईल चाळायला घेतली. हरवणार कसा? गेले नऊ महिने तो जेवायला उठला की ही बया दुकानात गुडघ्यांवर रांगत होती. फरशीवरचे स्क्रू ओल्या बोटाने टिपायचे आणि मुकाट्याने ज्याच्या त्याच्या डबीत टाकायचे. आधी आठवड्याला एखादा, मग रोज दहा-बारा. वय झालंय, कशाला बिचाऱ्याला लाजवायचं, असं तिचं सरळ गणित. डोंबलाचं गणित!

तेवढ्यात टेबलाखाली टक् असं वाजलं. तिने खाली पाहिलं. सांधा तिच्या चपलेपाशी पडला होता. आता हा वाकेल म्हणून ती थांबली. तो वाकला नाही. डावी मूठ तशीच मिटून तो बोलतच राहिला, वर ती मूठ त्याने डॉक्टरीणबाईंपुढे नाचवली.

"आणि हलका किती! हातात आहे असं वाटतसुद्धा नाही."

सवयीने ती वाकली, सांधा उचलला आणि गुपचूप टेबलावर ठेवायला गेली, तर बाई तिच्याकडेच बघत होत्या. त्याने सांध्याकडे पाहिलं, मग मूठ उघडली. आत काही नव्हतं. तो तळहाताकडे बघतच राहिला.

मग तिने सगळं सांगून टाकलं. नऊ महिने, फरशी, डब्या, काहीही राखून ठेवलं नाही. बाईंनी हलणारा सांधा खणात ठेवून दिला.

"हात धड आहेत असं धरून मी दोन पर्याय मांडले होते. मानेचे सांधे झिजलेत, त्यात हा दाब. आता मणके जुळवायचे, याच आठवड्यात. पुढचं नुकसान थांबेल. गेलेलं परत येईलच, असं नाही सांगता येत. उजव्या हातातूनही पडतात का?"

त्याने सवयीने तोंड उघडलं, मिटलं. मग बायकोकडे वळला. आवाजात राग नव्हता, तेच तिला सोसेना.

"सांग त्यांना," तो म्हणाला. "मला कुठे कळतंय."

"दोन महिने झाले," ती म्हणाली.