रूपाचा मांडा

मुलांनो, डोळे मिटा आणि धुळ्यातल्या एका अंगणात या. आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा सण आहे, चुलीवर उपडं खापर तापलंय. हातावर कोपरापर्यंत लोंबणारी पुरणपोळी, म्हणजे मांडा, करून दाखवायची घोषणा रूपाने गल्लीभर केली होती. भिंतीवर त्याचं रंगीत चित्रही लावलं होतं. कणकेला मात्र चार बुक्क्या मारून ती मोकळी झाली.

मैत्रिणींसमोर पोळी हातावर घेतली, तशी ती फाटली आणि पुरणासकट खापरावर पडून जळली.

"चित्र झकास शे वं माय!" चुलीपाशी बसलेल्या मंजुळाआजी म्हणाल्या. "तेच वाढू का पाव्हण्यांना?"

"मी आता मांडा करणारच नाही!" रूपा फणकारली.

"हाई ध्येय बेस शे. बसल्या जागी पुरं व्हई."

मैत्रिणी खिदळल्या. आजीने उरलेली कणीक पुढे ढकलली. "पहिले तळहाताएवढा कर."

रूपाने चित्राकडे पाठ केली, बाह्या वर सारल्या आणि ती कणीक पुन्हा मळायला बसली.