शुक्रवारचा मासा

ज्येष्ठांच्या केंद्रात जेवण जवळजवळ फुकट, पण नियम कडक: खायचं ते इथे बसून, घरी एक घासही न्यायचा नाही. दारावर पिवळं जाकीट चढवून औयुंग मास्तर बसायचे. चीनमधल्या होइपिंगच्या शाळेत तीस वर्षं छडी चालवलेला माणूस. न्यूयॉर्कला मुलाकडे आल्यापासून घरात त्यांचं कुणी ऐकत नव्हतं, इथे मात्र सगळे ऐकत. मग काय, मास्तरांना चेवच चढला.

त्या शुक्रवारी आलं घालून वाफवलेला मासा होता. सेटोबाई पिशवी पोटाशी धरून निघाल्या.

"बाई, पिशवी उघडा."

"काही नाही हो मास्तर, छत्री आहे."

"छत्रीला माशाचा वास येतो होय?"

रांग खो खो हसली. डब्यात अर्धा मासा आणि भात निघाला. मास्तरांनी तो सगळ्यांदेखत बादलीत ओतायला लावला. बाईंनी रिकामा डबा पिशवीत ठेवला, आणि सोमवारपासून यायच्याच बंद झाल्या.

"रुसल्यात. भूक लागली की येतील," मास्तर म्हणाले.

महिन्याभराने भाजीबाजारात बाईंची शेजारीण भेटली, तेव्हा कळलं. बाईंचे यजमान वर्षभर अंथरुणाला खिळलेले, पाचवा मजला, लिफ्ट नाही. अशा माणसांना केंद्र घरी डबा पाठवतं. त्याचे अर्ज मास्तरांच्याच खणात पडलेले, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांना ते भरून देणं मास्तरांचंच काम. डबा कुणासाठी, एवढं विचारलं असतं तर! जन्म गेला पोरांना प्रश्न विचारण्यात, आणि नेमका हाच राहिला.

तोंड कसं दाखवायचं म्हणून उद्या जाऊ, परवा जाऊ करत आणखी दोन आठवडे घालवले. मग एका शुक्रवारी दोन डबे आणि अर्ज घेऊन, मजल्यामजल्यावर दम खात ते चढले.

दार उघडलं. बाईंच्या केसांत सुतकाचं पांढरं लोकरी फूल होतं.

"या मास्तर. जेवलात का?"

"माझं चुकलं, बाई."

"तुमचं काय, नियमच होता." बाईंनी चहा ओतला. "ते शुक्रवारी विचारायचे, मासा कुठाय? बादलीचं कसं सांगणार? मी म्हणायचे, केंद्राला सुट्टी आहे."

मास्तरांनी दोन्ही डबे टेबलावर ठेवले.

"गेल्या शुक्रवारी म्हणाले, फारच दिवस सुट्टी झाली गं. दारावरचे मास्तर आजारी नाहीत ना? जाऊन विचारून तरी ये."