पाण्याची गोळी

जानेवारी सरत आला होता आणि गुलाबाला कलमाचे डोळे भरायची घाई उडाली होती. शांताराम धुक्यात उकिडवा बसून रानगुलाबाच्या खुंटाची साल चिरत होता. चिरेत डोळा सारायचा, वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची आणि पुढच्या खुंटाकडं सरकायचं. जुन्नरकडचा हा माणूस ते काम असं करी, की बघणाऱ्यानं बघत राहावं. म्हणून तर मालकानं त्याला बायको-लेकासकट गाव सोडायला लावून इथं फरीदाबादच्या अंगाला, आपल्या नर्सरीवर आणून ठेवलं होतं. आता भोवतालच्या मोहरीच्या रानांत फ्लॅटांचे मनोरे उठत होते. फ्लॅटाला गॅलरी, गॅलरीला कुंडी, नि कुंडीत गुलाब पाहिजेच. धंदा असा वाढला होता, की मालकाला जेवायला फुरसत नव्हती.

"मामंजीऽऽ!" सून वृंदा पदर सावरत वाफ्यावाफ्यातून पळत आली. "आत्याबाईंना पुन्ना धाप लागली. बसवंना न्हाई, निजवंना न्हाई. व्हट निळं पडल्यात!"

शांतारामनं सुरी मातीत खुपसली. "आगं, आत्ता कुठं धा दिस झालं तिला घरी आनून!"

"चला हो लौकर. बोलत काय बसलाय?"

दोन पत्र्याच्या खोल्या नर्सरीच्या मागच्या अंगाला होत्या. तिथं सुमित्रा भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजून खांबागत झालेले, छातीत घरघर. नवऱ्याला बघून तिनं मान खाली घातली. जयदीप, त्यांचा लेक, पहाटेच कारखान्यात गेला होता. मग शांतारामनंच तिला उचलली, कुंड्या पोचवायच्या टेंपोत गोणपाटावर ठेवली आणि वाटभर तिच्यावर तोंडसुख घेतलं. "डाक्टरनं मीठ बंद केलंय, नि तू चोरून पापड खाल्ला असशील. लोनचं चाटलं असशील. सांग की!" तिला बोलवतच नव्हतं. तो भ्याला होता. आणि भ्याला, की त्याला राग येई. ही त्याची जन्माची खोड होती.

सरकारी दवाखान्यात तातडीच्या विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. एकेका खाटेवर दोन-दोन माणसं. तरुण डॉक्टरनं सुमित्राला लांबूनच ओळखलं.

"फिर आ गए, बाबा? दवाई टाइम पे देते हो?"

"एकदम टाइम पे, डाक्टरसाब. अपने हाथ से देता हूं. सुबू में वो पानी का गोली."

"तो पानी फेफड़ों में कैसे भर जाता है? चौथी बार है ये. हर बार बच जाएगी, ऐसा मत समझना."

फुप्फुसात पाणी, चौथी खेप. एवढं हिंदी शांतारामला चांगलं कळत होतं.

सुमित्राच्या तोंडाला ऑक्सिजन लागला, शिरेत इंजेक्शन गेलं, लघवीची नळी घातली. तास-दीड तासानं घरघर उतरली. नर्स होत्या साधनाताई, मूळच्या पुण्याच्या, नवरा दिल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीत. मागच्या खेपेला मराठी ऐकून त्यांनीच ओळख काढली होती. त्या सुमित्राचं घामानं भिजलेलं लुगडं सैल करत होत्या, तोच त्यांच्या हाताला पदराची गाठ लागली.

"आजी, ही गाठ कसली?"

सुमित्रानं झटकन गाठीवर मूठ धरली. पण मुठीत जोर कुठला? ताईंनी गाठ सोडली. आतून नऊ गोळ्या निघाल्या. पांढऱ्या, ओल्या होऊन परत सुकलेल्या, कडा झिजलेल्या.

शांताराम बघतच राहिला. रोज सकाळी तो अंगातलं पाणी लघवीवाटं काढणारी ती गोळी हातावर ठेवायचा, तांब्या द्यायचा आणि घोट गिळेपर्यंत पुढ्यात उभा राहायचा. आणि ही बया गोळी गालात धरून ठेवत होती!

"आगं, जीव द्यायचाय का तुला?" तो भर वॉर्डात ओरडला. "म्या तुझ्यापायी हातातलं काम टाकून पळतुया, पोरगं खाडं करतंय, नि तू गोळ्या गाठीत बांदतीस? कुनाच्या उरावर ठिवनार व्हतीस ह्या?"

सुमित्रानं डोळे मिटले. पाणी कानापर्यंत ओघळलं. शेवटी वृंदालाच राहवलं नाही.

"त्यांना काय बोलताय? त्यांनीच मला शपथ घातली व्हती, म्हनून गप बसले आजवर. ती गोळी घेतली, की तासाभरात चार-चारदा जावं लागतंय, मामंजी. दिसाउजेडी जायाचं कुठं आमी?"

"कुठं म्हंजे? सारं रान पडलंय."

"कुठाय रान? बाभुळबन व्हतं, ते बिल्डरनं दिवाळीत सपाट केलं. तिथं मनोरा हुबा ऱ्हायला. वरनं हजार गॅलऱ्या बघत्यात. चौकीदार शिट्ट्या मारतोय. नळावर जावं, तर तिथं धा गडी आंगूळ करत्यात. पहाटं तांबडं फुटायच्या आदी एकदा जायाचं, नि मग अंदार पडल्यावर. आत्याबाईंनी पानी बी सोडलंय पियाचं. मी बी तसंच करते."

तीस वर्षांचा संसार, पण ही गोष्ट शांतारामच्या डोक्यात कधी शिरलीच नव्हती. गडीमाणूस, बांध दिसला की उभा राहिला. त्याला काय कळायचं?

साधनाताईंनी कपाळाला हात लावला. "अच्छा, म्हणजे हे असं आहे. पण एवढ्या मोठ्या नर्सरीत टॉयलेटच नाही का?"

"हाय की," वृंदा हळू आवाजात म्हणाली. "पांढऱ्या फरशीचं हाय. गिऱ्हाइकांसाठी. चावी मामंजींच्याच कमरंला असती."

तेव्हा सुमित्रानं तोंडावरचा मास्क बाजूला केला. "म्या मागितली व्हती चावी. बाभळी पाडल्या त्याच दिशी. तुमी म्हनला, मालकाचं मीठ खातुया, तितं घरच्यांनी पाय ठिवायचा न्हाई."

म्हणाला होता खरा. आणि मोठ्या ऐटीत म्हणाला होता. तो संडास तो रोज फिनेल टाकून आरशागत घासायचा, स्वतःही कधी वापरायचा नाही, आणि त्या इमानाचा त्याला अभिमान होता. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात. इथं कळसा कमरेला लटकत होता आणि वळसा चार खेपा दवाखान्याला पडला होता. शांताराम खाटेच्या पायथ्याशी फरशीवरच बसला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज कुठं लपवावी हे कळेना.

"बाबा, ऐका," साधनाताई खाली वाकून म्हणाल्या. "रोज गोळी पोटात गेली ना, तर ह्यांना इथं यायची गरजच नाही. बिल्कुल नाही. डॉक्टर गोळी लिहून देतील, पण संडास कोण लिहून देणार? ते तुम्हालाच बघायला लागेल."

तिसऱ्या दिवशी सुमित्राला घरी आणली. त्याच दिवशी शांतारामनं मालकाला गाठलं आणि मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. मालक वाईट माणूस नव्हता, पण ऐकता ऐकता त्याचे डोळे गाडीतून उतरणाऱ्या गिऱ्हाइकाकडं गेले. "आज तुम्हारी बीवी, कल सारी लेबर जाएगी. कस्टमर क्या बोलेंगे? नहीं, शांताराम. कुछ और इंतजाम करो." दुसरा इंतजाम कसला? जमीन भाड्याची, वीट रचायचीही परवानगी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतारामनं करदोट्याची गाठ सोडून चावी बायकोच्या हातात दिली, आणि दुसऱ्या हातात गोळी.

"नगं," सुमित्रा मागं सरकली. "मालक हाकलून दील. लेकाला बी त्येच्याच वळखीनं कामाला घेतलंय. सगळ्यांचीच भाकर जायाची माझ्यापायी."

"जाऊ दे गेली तर. भाकर कुठंबी मिळंल. तू कुठनं मिळनार?" एवढं बोलून तो आपणच लाजला. मग उगाच आवाज चढवून म्हणाला, "गीळ! नि तोंड उघडून दाखीव मला. जीभ वर कर."

चार दिवस कुणाला काही कळलं नाही. सुमित्रा गिऱ्हाईक नसलेली वेळ साधायची, वृंदा दाराशी राखणीला उभी राहायची. पायांची सूज उतरली. सुमित्रा रात्री आडवी होऊन झोपली. शांताराम तिच्या श्वासाचा आवाज ऐकत मुद्दाम जागा राहिला.

पाचवा दिवस रविवार होता. ऊन पडलं आणि मनोऱ्यांतली माणसं नर्सरीवर लोटली. मालक एका बाईंना गुलाब दाखवत होता. बाईंनी हळूच काही विचारलं, तसा मालक अदबीनं पुढं होऊन त्यांना संडासाकडं घेऊन गेला. दाराला आतून कडी होती. बाहेर वृंदा उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"कौन है अंदर?" मालक गरजला. "शांताराम! इधर आओ!"

शांताराम कलमाची सुरी हातात घेऊनच आला. मातीनं भरलेले गुडघे, मागं शे-दोनशे खुंट अजून डोळे भरायचे राहिलेले. मालकानं एकदा त्याच्याकडं पाहिलं, एकदा त्या खुंटांकडं.

"मेरी घरवाली है, साब," तो म्हणाला. नजर त्यानं खाली घातली नाही. "दवाई खाती है. टाइम लगेगा."

आतून सुमित्राचा घाबरलेला आवाज आला. "आले, आले हो! निगाले!"

"बस निवांत!" शांताराम दाराकडं तोंड करून ओरडला. "घाई करू नगंस. सायेब थांबत्यात."

आणि मालक थांबला.