कोटूचा खर्च

पिसिला ऑकलंडहून आली तेव्हा तिला विमानातून खुर्चीत बसवून उतरवावं लागलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, जायचं तर आत्ताच जा, पुढच्या वर्षाचं धरून चालू नका. तिला आमच्याकडची तीन बेटं फिरायची होती. वावाऊ, जिथे ती शाळेत होती. लिफुका, जिथे तिची मावशी एका खोलीत राहते. आणि कोटू, जिथे तिचा जन्म झाला आणि जिथे तिच्या आईला पुरलं आहे. पहिली दोन नावं ती लोकांना सांगायची. मनात होतं ते कोटू.

ती आमच्याच घरी उतरली, आतल्या खोलीत. किटिओने नावाचा तिचा धाकटा भाऊ चार घरं सोडून राहतो, पण बहीण भावाच्या घरी कशी उतरणार? तो रोज यायचा, ओसरीच्या पायरीवर बसायचा आणि आत न डोकावता तिची चौकशी करायचा.

सहलीच्या खर्चाचा अंदाज काढायचं काम पिसिलाने मुलीवर सोपवलं होतं. लाताई बारा वर्षांची, जन्मापासून ऑकलंडमध्ये वाढलेली. एका सकाळी तिने माझ्या ओसरीवरचा फळा भरून टाकला. मी नुकुआलोफाच्या शाळेत गणित शिकवायचो. निवृत्त झाल्यावर शाळा सुटली, फळा तेवढा माझ्याबरोबर घरी आला.

"मास्तर, झालं! फक्त बरोबरची खूण करा," ती म्हणाली. "मामा, तू पण बघ."

"मला नको दाखवू," किटिओने म्हणाला. "भागाकार दिसला की माझ्या पोटात अजून गोळा येतो. विचार मास्तरांना."

"येतो खरा," मी म्हणालो. "पोटात दुखतं म्हणून घरी पळायचा आणि वाटेत दुसऱ्याच्या झाडावर आंबे खात बसायचा."

लाताईने हसत मामाच्या हातातलं तळलेलं केळं काढून घेतलं आणि तोंडात टाकलं. बहिणीच्या लेकराने मामाच्या ताटातलं उचललं तर मामाने आनंदच मानायचा असतो. एवढं एक तिला आल्याच दिवशी कळलं होतं.

तिच्या बेरजेत चूक नव्हती. पिसिलाची शिल्लक आणि किटिओनेने डुक्कर व सुरण विकून आणलेले पैसे मिळून सहा हजार पाआंगा होते, आणि तिचा खर्च पाच हजार दोनशे आला होता.

"आठशे उरतात," ती म्हणाली. "त्यात आईला वावाऊला देवमासे दाखवू."

मुलांची चूक मी कधी एकदम पुसत नाही. खडू त्यांच्याच हातात ठेवतो.

"लिफुकाहून कोटूला नाव कधी सुटते?"

"रविवारी."

"रविवारी चर्च सोडून इथे कोण समुद्रात नाव काढतं?"

तिने जीभ चावली आणि लिफुकात एक रात्र वाढवली.

"कोटूला राहायला किती?"

"शून्य! नातेवाईकच आहेत ना."

"आणि त्यांना द्यायला?"

"चॉकलेटं?"

आतून पिसिलाचा आवाज आला, "अगं बाई, पंचवीस वर्षांनी गावात पाय ठेवणार आणि चॉकलेटं देणार? पाद्रीबाबांना एक चटई, आजीच्या थडग्यावर अंथरायला एक. हाताने विणलेली, बारीक. आणि जेवणाला डुक्कर."

"तुझ्याकडे होत्या ना चटया?" लाताईने विचारलं.

"होत्या," पिसिला म्हणाली. ऑकलंडच्या आजारपणात त्या विकल्या गेल्या होत्या. बारीक विणीच्या एका चटईला बायकांचे महिने जातात, आणि किंमतही तशीच असते. लाताईने आकडा लिहिला आणि ओठ दाबून त्याच्याकडे बघत राहिली.

"आता ही खोली," मी म्हणालो. "सगळीकडे एकच धरलीस?"

"हो. आई, मी आणि मामा. मामा खाली झोपेल."

किटिओने झटकन उठला आणि अंगणात जाऊन विनाकारण दोरी गुंडाळायला लागला.

"मी वाईट बोलले का?" लाताईने हळूच विचारलं.

"नाही गं. पण भाऊ-बहीण मोठे झाले की एका छपराखाली झोपत नाहीत."

"का? भांडण आहे त्यांचं?"

"उलट. मामाला जगात तुझ्या आईइतकं मोठं कुणी नाही. म्हणून तो लांबून वागतो."

तिने विचार केला. "म्हणजे आईचा मान ठेवायला भाडं डबल?"

आत पिसिला खळखळून हसली, मग तिला खोकल्याची ढास लागली. माझी बायको पाणी घेऊन धावली.

लिफुकाला दोन जागा, वावाऊला दोन, बोटीवर बाईमाणसांना वेगळी खोली. कोटूला नातेवाइकांचं एकच घर उरलेलं, म्हणजे किटिओनेसाठी नाववाल्याला रात्री थांबवून घ्यायचं आणि त्याने नावेतच झोपायचं. बेरीज आठ हजार नऊशेवर गेली. लाताईने न सांगता वावाऊ पुसलं, देवमाशांसकट. तरी चौदाशे कमी पडत होते. माझ्याकडे असते तर मी दिले असते, पण चर्चची वार्षिक वर्गणी नुकतीच झाली होती. त्या महिन्यात आमच्या गल्लीत कुणाच्याच घरात पैसे नसतात.

मग तिने फळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी बारीक मांडलं, उत्तर पाहिलं आणि त्यावर तळहात ठेवला. पण मामा तोवर तिच्या मागे येऊन उभा होता. भागाकाराला घाबरणाऱ्या माणसालाही ते समजलं. तीनऐवजी दोन माणसं धरली की कोटू बसत होतं.

"मास्तर, माझं नाव काढा," तो मोठ्याने म्हणाला, आत ऐकू जावं म्हणून. "माझी पाठ दुखतेय. नावेत झोपणं जमायचं नाही."

भावाशी पिसिला वाद घालणार नव्हती, म्हणून लेकीला सांगितलं, "मामाला म्हणावं, तुझी पाठ दुखते तर कोटू राहू दे. आईच्या थडग्यावर त्याच्याशिवाय मी रीतीची वाळू काय पसरणार?"

बहिणीचा शब्द भावाने मोडायचा नसतो. किटिओने पायरीवर जाऊन बसला. लाताई मात्र रडवेली झाली. "पण तुला तिथेच जायचंय ना! मास्तर, सांगा ना हिला!"

मी कोटू पुसायला फडकं उचललं, तर तिने फळ्यासमोर हात पसरले.

"थांबा," ती म्हणाली. "लिफुकाची बोट कोटूजवळून जाते का?"

"पहाटे जाते," किटिओने म्हणाला. "चर्च दिसतं, इतक्या जवळून."

"त्याचे पैसे पडत नाहीत ना?"

तिने डोळे पुसले आणि लिहिलं: बोटीतून कोटू, शून्य.

मंगळवारी ते निघाले. पिसिलाने केसांना खोबरेल लावून घेतलं होतं, डोळ्यांत चमक होती. "आधीपासून कठड्याशी नेऊन बसवा रे मला," ती खलाशांना सांगत होती.

किटिओने परत आला त्या दिवशी सरळ माझ्याकडे आला आणि पायरीवर बसला. रात्रभर समुद्र खवळलेला होता, तो म्हणाला. पिसिलाला उलट्यांवर उलट्या झाल्या. तो डेकवर जागा होता. उजाडता उजाडता कोटू दिसायला लागलं. बायकांच्या खोलीत त्याला जाता येत नव्हतं, म्हणून त्याने एका म्हातारीला पाठवलं. ती लगेच बाहेर आली. म्हणाली, पोरगी आईच्या पायाशी झोपलीय, आणि आईचा डोळा आत्ता कुठे लागलाय, चेहरा पांढरा पडलाय. उठवू का?

"मला सांगताच येईना, मास्तर," तो म्हणाला. "हो म्हणावं तर तिचे हाल. नाही म्हणावं तर... म्हातारी दोनदा विचारून गेली. चर्च दिसलं, मग नारळाची झाडं, मग सगळं मागे गेलं."

"परतताना?"

"परतीची बोट अंधारात जाते तिथून."

ऑकलंडला जायच्या आदल्या दिवशी लाताई एकटी ओसरीवर आली. फळ्यावर तिचं अक्षर तसंच होतं. तिने ते पाहिलं नाही.

"आईने मामासाठी निरोप दिलाय. तिला कोटू दिसलं म्हणे. खोलीच्या खिडकीतून. चर्चसुद्धा. त्याला सांगा, म्हणाली."

"मग तूच सांग की. तुझाच मामा आहे."

"मला नाही जमणार, मास्तर." ती खडूच्या तुकड्याशी खेळत राहिली. "त्या खोलीला खिडकीच नव्हती."

संध्याकाळी किटिओने आला. मी त्याला निरोप दिला, शब्द न शब्द तिच्या आईने दिला होता तसा. तो पायरीवर बसला.

"चर्चला नवा रंग दिलाय," तो म्हणाला. "दिसला का तिला?"

"दिसला," मी म्हणालो.