उतारावरचा रोलर

मी मैदानावरचा रोलर बोलतोय. हळूच बोलेन, कारण मला सगळंच हळू जमतं. घाई असेल तर खुशाल निघून जा, फक्त माझ्या पुढ्यातून जाऊ नका.

माझा जन्म ओतशाळेतला. लालभडक लोखंड साच्यात ओतलं, निवल्यावर पोटात काँक्रीट भरलं, पुढे लांब दांडी जोडली आणि मला या क्रिकेटच्या मैदानावर आणून सोडलं. वजनाला मी एका धडधाकट म्हशीएवढा. खेळपट्टी दाबून सपाट करायची, हाच माझा धंदा. एवढ्या वर्षांत माणसांचं एक पाहून ठेवलंय. चेंडू नीट आला की फलंदाज हुशार, वेडावाकडा उसळला की खेळपट्टी भिकार. मला खांद्यावर घेऊन कुणी नाचलेलं नाही, आणि नाचूही नये.

मैदान राखतात काका. सगळे त्यांना काकाच म्हणतात, क्लबचे सचिवसुद्धा. माणूस कामाला वाघ, जिभेला तिखट. आभाळात ढग आला की त्यांचा जीव खेळपट्टीवर टांगलेला असतो.

एकदा सचिवांनी सांगितलं, शाळेतली मुलं आठवडाभर कामाचा अनुभव घ्यायला येणार आहेत.

"मला इथे गवत बघायला वेळ नाही, पोरं कुठे बघत बसू?" काका म्हणाले.

"शिकतील हो. आपणही कुणाकडून तरी शिकलोच की."

दोघं आली. एक ताडमाड मुलगा. काकांनी पहिल्याच दिवशी त्याचं लंबू करून टाकलं. दुसरी चष्मेवाली, हिला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं. दोघं रेघा मारायला शिकली, पाण्याचे पाइप ओढायला शिकली. मला आवडली पोरं. मी ऊन खात उभा असलो की चष्मेवाली माझ्या पोटाला टेकून डबा खायची.

मंगळवारी माशी शिंकली. गवत कापताना लंबूला मातीतली लोखंडी खुंटी दिसली नाही. मशीन नवं कोरं, काकांनी सचिवांच्या किती मिनतवाऱ्या करून मिळवलेलं. खाडकन आवाज झाला आणि पातं वाकलं.

"एक वस्तू धड सांभाळता येत नाही तुला," काका कडाडले. "हातात येईल त्याची वाट लावशील."

"खुंटी तुम्ही दाखवली नव्हती, काका," चष्मेवाली म्हणाली.

"डोळे कशाला दिलेत देवाने?"

त्या दिवसापासून लंबू प्रत्येक वस्तू दोन्ही हातांनी घट्ट धरू लागला, अगदी पाण्याचा पेलासुद्धा. मला ते बघवत नव्हतं.

गुरुवारी, सामन्याच्या आदल्या दिवशी, मी खेळपट्टीच्या मधोमध उभा होतो. काकांना ऑफिसात फोन आला. "मी येईपर्यंत रोलरला हात लावायचा नाही," एवढं बजावून ते गेले. आणि झाडांमागून काळाकुट्ट ढग वर आला. खेळपट्टी झाकायची ताडपत्री तयार होती, पण मी मध्ये असताना ती पसरणार कशी?

चष्मेवाली धावत जाऊन आली. "काका अजून फोनवरच आहेत. हातानेच थांब म्हणाले."

"पट्टी भिजली तर उद्याचा सामना गेला," लंबू म्हणाला. "आणि नाव पुन्हा माझंच येणार."

"अरे, पण हात लावू नका म्हणालेत ना."

"नुसता बाजूला करू. हळू ओढू."

सपाटीवर मी गरीब गाय आहे. दोघांनी ओढत मला खेळपट्टीवरून काढलं, तिथेच थांबवलं असतं तर काही झालं नसतं. पण लंबूला मी शेडपाशी, माझ्या जागेवर नेऊन ठेवलेला हवा होतो. सीमारेषेपलीकडे जमीन शेडकडे उतरते. गवतामुळे तो उतार डोळ्याला कळत नाही.

मला कळला. माझं पोट आपोआप फिरू लागलं.

दांडी पुढे आणि लंबू दांडीच्या पुढे. पाठीत धक्का बसला तसा तो गर्रकन वळला आणि दोन्ही हातांनी दांडी रेटू लागला. टाचा गवतात रुतवल्या तरी घसरत मागे चालला. त्याच्या पाठीमागे शेडची भिंत होती, आणि भिंतीला लावून ठेवलं होतं तेच नवं मशीन.

"लंबू, सोड! बाजूला हो!"

"मशीन मोडेल!"

चष्मेवालीने माझ्याखाली लाकडी पाचर टाकली. तिचा मी भुगा केला. लोकहो, मला ब्रेक नाही. ओरडायला तोंड नाही. पोराचा चेहरा माझ्यासमोर दांडीभर अंतरावर होता, दात ओठांत रुतलेले, आणि मीच त्याला भिंतीकडे ढकलत होतो. तेव्हा माझ्या वजनाची मला जेवढी चीड आली, तेवढी कधीच आली नाही.

काका ऑफिसच्या पायऱ्यांवरून धावत सुटले. "सोड, बाळा! सोड त्याला!"

लंबूने मानेनेच नाही म्हटलं, दांडी सोडली नाही.

"अरे, मोडू दे ते मशीन! मी सांगतोय ना, मोडू दे!"

तेव्हा कुठे त्याने दांडी सोडली आणि अंग बाजूला फेकलं. पुढच्याच क्षणी मी मशीनचा चुराडा करून भिंतीत घुसलो.

पाऊस कोसळायला लागला. काका खेळपट्टीकडे वळलेसुद्धा नाहीत. चिखलात बसून त्यांनी लंबूचे बूट-मोजे काढले, पाय चाचपून पाहिले.

"मंगळवारी मी बोललो, म्हणून सोडत नव्हतास ना?"

लंबूने खाली मान घालून होकार दिला. काकांनी त्याला जवळ ओढलं आणि ते हमसून रडले. बाजूला चष्मेवालीही रडत होती.

आता माझी दांडी तुटली आहे आणि पोटाला चीर गेली आहे. मी भिंतीशी गंजत पडलोय, उद्या भंगारवाला येईल. त्याचं मला काही नाही, लोखंड आहे, पुन्हा वितळेन. तुमची पोरं आज ना उद्या कुठेतरी काम शिकायला जातील. निघताना डबा देता, वेळेवर जा म्हणता, नीट वाग म्हणता. त्यासोबत एवढंही सांगा, की हातातली वस्तू मोडली तर मोडू दे, कुणी बोललं तर बोलू दे, तू घरी ये.