नारीनच्या थंडीचा सोपा प्रश्न

मित्रांनो, मी एक फळा आहे. पांढरा म्हणून मला विकत घेतले होते, पण आता तो रंग उरलेला नाही. बिश्केक शहरातल्या एका कचेरीच्या बोळात, मोडक्या खुर्च्यांच्या मागे, मला भिंतीकडे तोंड करून उभे ठेवले आहे. इथे आले-गेलेले दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. माझी हकीकत गोड नाही. तरीही ती तुम्ही ऐकावी असे मला वाटते.

शहराच्या टोकाला दोन भावांचा कारखाना होता. ते शाळांसाठी फळे बनवत. पत्र्यावर पांढरा लेप चढवायचा, तो भट्टीत भाजायचा आणि भोवती चौकट ठोकायची, असे त्यांचे काम. माझ्या बरोबरचे सगळे फळे शाळांत गेले. माझ्या एका कोपऱ्यावर लेपाला फोड आला होता, म्हणून मी मागे राहिलो. मला मुलांच्या गोंगाटात राहायचे होते. वाईट वाटले, पण इलाज नव्हता.

एके दिवशी साबिरा नावाची एक बाई कारखान्यात आली. केस आखूड कापलेले, गळ्यात लोकरी रुमाल. ती संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणारी होती आणि एका नव्या कंपनीत मुख्य होती. धाकटी माणसे तिला साबिरा एजे म्हणत, म्हणजे साबिराताई.

"कोपऱ्यावर फोड आलाय त्याच्या," थोरला भाऊ म्हणाला. "शाळेला दुसरा देतो, तसा तुम्हालाही देऊ का?"

"असू दे. मला मधे लिहायचंय, कोपऱ्यात नाही," ती म्हणाली आणि तिने मला गाडीच्या टपावर बांधून नेले.

कंपनीत मला मुलाखतीच्या खोलीत लावले. बैठकाही त्याच खोलीत होत. समोर खिडकी होती, तिच्यातून आला-तू डोंगराची बर्फाळ शिखरे दिसत. टेबलावर चहाची किटली आणि बोरसोकांची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, परडी असे. मला लवकरच कळले की साबिराने मला का आणले. आदल्या वर्षी तिने एक माणूस कामावर घेतला होता. त्याचा सूट छान, बोलणे त्याहून छान. हिवाळा सरला तेव्हा सगळ्यांना समजले की त्याला प्रोग्रॅमच्या चार ओळीही स्वतः लिहिता येत नाहीत. त्याचे काम बाकीचे रात्रंदिवस निस्तरत बसले.

"आता बोलणं पुरे," साबिरा म्हणाली होती. "जो येईल त्याने समोर लिहून दाखवायचं. अवघड काही नको. अगदी सोपं."

तिचा प्रश्न खरोखर सोपा होता. जानेवारीतल्या एका आठवड्यातले, नारीन या डोंगराळ शहराचे रोजचे तापमान दिले आहे, त्यातला सर्वांत कमी थंडीचा दिवस शोधणारा छोटा प्रोग्रॅम लिहा. बस्स. तुम्हीही तो सोडवाल. पहिला आकडा हातात धरायचा, पुढचा बघायचा, तो मोठा असला तर हातातला टाकून तो धरायचा, आणि असे शेवटपर्यंत जायचे.

तुम्हाला खरे वाटणार नाही, पण किती तरी मोठमोठ्या पदव्यांची माणसे माझ्यासमोर मार्करचे टोपण उघडून नुसती उभी राहिली. कोणी घसा खाकरला, कोणी म्हणाला, "असलं काम माझ्या हाताखालची माणसं करतात." साबिरा कोणाला हसली नाही. चहा पाजून, कोट हातात देऊन, दारापर्यंत सोडून यायची. आणि ज्यांना लिहिता यायचे त्यांची गडबड उडाली तर ती वेळ द्यायची.

अशीच एकदा मीरिम आली. ती नारीनचीच होती. मार्शुत्काच्या, म्हणजे लहान बसच्या, लांबच्या प्रवासाने तिचा चेहरा उतरला होता, आणि हात इतका कापत होता की तिचे पहिले अक्षर माझ्यावर वाकडेतिकडे उमटले. साबिराने ते पाहिले आणि ती उठून खिडकीशी गेली.

"मीरिम, पोरी, मी जरा डोंगर बघते. झालं की हाक मार," ती म्हणाली.

मीरिमने लिहिले. सुरुवातीला तिने हातात शून्य धरले होते. मग ती थांबली, ओठ चावला आणि बोटाने ते शून्य पुसून टाकले.

"झालं, एजे. पण आधी चुकले होते."

"काय चुकलं होतं?"

"मी शून्यापासून सुरुवात केली होती. आमच्याकडे जानेवारीत शून्य येतं कुठे? सगळे आकडे त्याच्या खालीच. मग माझा प्रोग्रॅम म्हणाला असता, एक दिवस शून्य होता. तसा दिवस कोणी पाहिलेलाच नाही."

साबिरा हसली. "उद्यापासून ये," एवढेच म्हणाली. त्या दिवशी माझा ऊर भरून आला. माणूस बरोबर लिहितो की नाही, हे तर मी दाखवतच होतो. स्वतःची चूक त्याला दिसते की नाही, तेही माझ्यावर दिसू लागले होते.

ती वर्षे माझी चांगली गेली. घेतलेली माणसे कामाची निघाली आणि कंपनी वाढली. पाहुणे आले की साबिरा माझ्या चौकटीवर हात ठेवून म्हणायची, "आमची चाळणी ही."

मग कंपनीत पैसा घालणारा एक मोठा माणूस आला आणि त्याच्यामागून जानिबेक नावाचा नवा संचालक आला. साबिरापेक्षा वयाने लहान, चकचकीत बुटांचा. तो तिला एजे म्हणायचा, पण त्या शब्दात मान कमी आणि टोचणीच जास्त असे. थोड्याच दिवसांत त्या मोठ्या माणसाचा भाचा तिलेक मुलाखतीला आला.

तिलेकने माझ्याकडे नीट पाहिलेही नाही. प्रश्न पुरता होण्याआधीच त्याने भराभर उत्तर लिहिले, अगदी बिनचूक. प्रश्न त्याला आधीच कोणी तरी सांगितला होता, हे साबिराला कळले आणि मलाही. ती शांतपणे म्हणाली, "छान. आता सर्वांत जास्त थंडीचा दिवस शोध."

तिलेक थबकला. त्याने एक खूण बदलली, मग पुन्हा पहिली केली, मग खाली बघून आणखी काही खोडले. शेवटी जे उरले त्यात त्याचा प्रोग्रॅम आठवड्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत पोहोचतच नव्हता.

"रविवार कुठे गेला?" साबिराने विचारले.

"कुठला रविवार?"

"तू शनिवारी थांबलास. रविवारकडे कोणी बघितलंच नाही."

तिलेक हसला. "एका दिवसाने काय बिघडतं, एजे? शाळेतल्या पोरांचे प्रश्न विचारता आणि वर रविवार शोधता."

साबिरा जानिबेककडे वळली. "याला दुसरं काही काम द्या. विक्रीचं द्या. बोलतो छान. प्रोग्रॅम नको."

"तुमचा फळा आता म्हातारा झालाय, एजे," जानिबेक म्हणाला. "जगात आता असले प्रश्न कोणी विचारत नाही. मुलगा तेज आहे." तो उठला आणि त्याने आपल्या बाहीने माझ्यावरचे अक्षर न् अक्षर पुसून टाकले. डस्टर बाजूलाच होते.

मित्रांनो, पुसले जाणे माझ्या कामातच आहे. त्याचे मला कधी दुःख झाले नाही. पण ते पुसणे वेगळे होते.

तिलेकला कामावर घेतले आणि एका दवाखान्याचे काम त्याच्याकडे दिले. तिथे हृदयाचे रोगी येत. त्यांना दिवसभराचे नंबर लावून देणारा प्रोग्रॅम करायचा होता. मीरिमने आग्रह धरून एक गोष्ट ठरवून घेतली होती. रोजचा शेवटचा नंबर घाटापलीकडून येणाऱ्यांसाठी राखून ठेवायचा, कारण ती माणसे दुपारशिवाय पोहोचूच शकत नाहीत. तिलेकने लिहिलेले तपासायचे काम तिच्याकडेच होते. एका सकाळी ती त्याच मुलाखतीच्या खोलीत येऊन जानिबेकला, दादा या अर्थी 'बायके' अशी हाक मारून, म्हणाली, "बायके, माझं तपासून झालेलं नाही. मला शंका आहे. दोन दिवस द्या." साबिरा तेव्हा टेबलाशी बसली होती.

"फीत कापायला पाहुणे यायचेत," जानिबेक म्हणाला. "दोन दिवस काय, दोन तासही नाहीत. चालू झाल्यावर तपास."

प्रोग्रॅम चालू झाला. फोटो निघाले. त्यानंतर मीरिमला दुसऱ्याच कामाला जुंपले.

बर्फ पडायला लागल्यावर दवाखान्याची मोठी डॉक्टरीण कचेरीत आली. कोटही न काढता ती माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली. कोणी चहा पुढे केला, तिने तो बाजूला सारला.

"तुमच्या यंत्रात रोजचा शेवटचा माणूस येतच नाही," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं, घाट बंद असेल, म्हणून लांबची माणसं येत नसतील. ती येत होती. खिडकीवरची मुलगी त्यांना सांगायची, तुमचं नाव नाही, परत जा. आत-बाशी गावच्या बुरुल आपा दोनदा आल्या. सत्तरी ओलांडलेली बाई, डोलोनचा घाट चढून-उतरून. दोनदा परत पाठवलं. परवा मी त्यांच्या घरी फोन लावला, का आला नाहीत म्हणून विचारायला. लेकीने उचलला. म्हणाली, आईला मातीत ठेवून आत्ताच आलोय."

तिलेक फोनशी चाळा करत बसला होता.

डॉक्टरीण गेल्यावर जानिबेक उठला. त्याने माझ्यावर चौकोन काढले, बाण काढले. एका चौकोनात लिहिले 'लिहिणे', दुसऱ्यात 'तपासणे', आणि दुसऱ्या चौकोनाभोवती लाल गोल ओढला.

"लिहिणारा चुकतोच. म्हणून तर तपासणारा असतो," तो म्हणाला. "तपासणी मीरिमची होती."

मीरिम त्याच्याकडे वळली. "बायके, मी तुम्हाला सांगितलं होतं. याच खोलीत. तपासून झालेलं नाही म्हणाले होते, दोन दिवस मागितले होते. एजे इथेच होत्या."

सगळ्यांनी साबिराकडे पाहिले. मीही पाहिले. मला वाटले, आता ती उठेल. घरी तिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता आणि तिच्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते, हे मला माहीत होते. तरी वाटले, ती उठेल. जिने मला चाळणी म्हटले, ती उठणार नाही तर कोण उठणार?

साबिरा कपातल्या चहाकडे बघत राहिली.

"मला नीट आठवत नाही," ती म्हणाली.

मीरिमने तिच्याकडे क्षणभर पाहिले. रडली नाही, भांडलीही नाही. खुर्चीवरचा कोट उचलून खांद्यावर टाकला.

"चहा गार झाला तुमचा, एजे," ती म्हणाली आणि निघून गेली. ती पुन्हा त्या खोलीत आली नाही.

माझ्यावरचे ते चौकोन आणि तो लाल गोल कित्येक दिवस कोणी पुसले नाहीत. जे पुसायला नको होते ते बाहीने गेले, आणि ही खोटी आकृती मी अंगावर वागवत राहिलो. शाई आत मुरली. आजही कोणी मला उजेडात नेले तर तो गोल दिसेल. साबिराने त्यानंतर एकही मुलाखत घेतली नाही. निरोपाच्या दिवशी तिला फुले दिली, टाळ्या वाजवल्या. जाताना तिची नजर माझ्याकडे वळली नाही.

खोलीत आता माझ्या जागी काचेची भिंत बसवली आहे. तिच्यावर लिहिता येते म्हणे, पण कोणी लिहीत नाही. मुलाखती तिलेक घेतो. मधली भिंत पातळ आहे, सगळे ऐकू येते.

परवा एक मुलगी आली होती. आवाज कोवळा होता.

"एक मोठा युर्ट-तंबू उभा करायला किती मेंढ्यांची लोकर लागेल?" तिलेकने विचारले.

"मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "मी एखादा प्रोग्रॅम लिहून दाखवू का? कुठलाही सांगा."

"तो कोणीही लिहितं. मला विचार करणारी माणसं हवीत."

"छोटासाच लिहिते. पाच मिनिटं द्या."

"आम्ही कळवू," तिलेक म्हणाला. खुर्ची सरकली, दार लागले. त्यांनी तिला काही कळवले असेल असे मला वाटत नाही.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला तरी कामावर घ्याल. तेव्हा सोपा प्रश्न विचारायला लाजू नका. समोरच्याचा हात कापत असेल तर त्याला जरा वेळ द्या. पण ज्याला ते सोपे काम येत नाही त्याच्या हाती दुसऱ्याचा जीव देऊ नका, मग तो कोणाचाही भाचा असो. माझी काळजी घेतली नाहीत तरी चालेल. पत्रा आहे, भंगारात जाईन.

एवढे मात्र ध्यानात ठेवा. त्या सकाळी मीरिमने दोन दिवस मागितले, ते मी ऐकले होते. त्या खोलीत मला तोंड नव्हते. बाकी सगळ्यांना होते.