तिन्ही बेअरिंगं

सावर्ड्याजवळच्या आमरसाच्या कारखान्यात ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागून तेजस्वीला जेमतेम अकरा दिवस झाले होते. वेळणेश्वरची ही मुलगी अजून फक्त मीटरचे आकडे वहीत उतरवत होती.

बाराव्या दिवशी सकाळी रसाचा मोठा पंप बंद पडला. महिन्यातली तिसरी खेप. पुन्हा बेअरिंगच गेलं होतं. फाटकाबाहेर आंब्यांनी भरलेले टेम्पो उभे, वर मे महिन्याचं ऊन.

"नवीन टाका, पटकन," मॅनेजर हर्षद खेडेकर म्हणाले.

तेजस्वीने काढलेलं बेअरिंग पुसलं. ते एकाच बाजूला झिजलं होतं. तिने भंगाराच्या पिंपात हात घालून आधीची दोन शोधली. तीही तशीच.

"सर, दोष बेअरिंगचा नाही. पंपाला काहीतरी ओढतंय."

"कोण ओढील गो? भूत?" जुने फिटर महिपतकाका हसले.

तिचे कान तापले. तरी ती म्हणाली, "पंपाला जोडलेला पाइप सोडवून बघू या, काका. दहा मिनिटं द्या."

हर्षद सरांनी घड्याळात पाहिलं. "दहा. त्यावर एकही नाही."

बोल्ट गंजलेले होते. तिने स्वतःच पाना घेतला आणि सगळं अंग टाकून ओढला. शेवटचा बोल्ट सुटला तसा पाइप खण्णकन उडाला आणि पंपाच्या तोंडापासून दोन बोटं बाजूला जाऊन थांबला.

पाइपलाइन वाढवताना कुणीतरी तोकडा पाइप ओढूनताणून बसवला होता.

"एवढा ताण घेऊन चालत होता बिचारा!" महिपतकाका पुटपुटले. मग ओरडले, "वेल्डरला बोलवा रे! पोरी, माप सांग."

तिने माप दिलं. नवा तुकडा जोडला, पाइपाखाली आधार दिला. मोटर आणि पंप एका रेषेत येईपर्यंत तिने काकांना चार वेळा मोटरखालच्या पत्र्याच्या चकत्या बदलायला लावल्या. काकांनी निमूट बदलल्या.

तीन वाजता हर्षद सर म्हणाले, "बटण तू दाब."

पंप घुमू लागला. महिपतकाकांनी खिशातून रुपया काढून चालत्या पंपावर कडेवर उभा केला. तो हललाही नाही.

"बगा!" काका साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "आमच्या इंजिनिअरबाईंचं काम!"

फाटक उघडलं. पहिला टेम्पो आत येत होता.

"उद्यापासून बाकीचे चार पंपही तूच तपास," हर्षद सर म्हणाले. "सोबतीला कोण हवं?"

"महिपतकाका," तेजस्वी म्हणाली, आणि ग्रीसने माखलेल्या हातांनी टाळ्या वाजवत मोठ्याने हसली.